सदनिकेतल्या अँटेनावर सरसकट बंदी नको: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव, मा. खजिनदार व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच सोसायटीतील सर्व सभासद बंधू-भगिनी,
पुणे.

विषय: सदनिकेच्या आत हौशी रेडिओचा अँटेना ठेवण्यावर घातलेली बंदी मागे घेऊन त्याऐवजी अटींसह परवानगी देणारा ठराव करण्याबाबत.

स.न.वि.वि.

सूचना फलकावर अलीकडेच लागलेल्या परिपत्रकाने कोणत्याही प्रकारचा अँटेना किंवा प्रक्षेपण करणारे उपकरण गच्चीत, सामाईक जागेत अथवा सदनिकेच्या आत बसवण्यास मनाई केली आहे. हे परिपत्रक माझ्यामुळे निघाले, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. माझ्या बाल्कनीत उभे केलेले तांब्याचे कडे, म्हणजे माझा अँटेना, खालून दिसत होते, त्याविषयी समितीकडे दोन तोंडी तक्रारी आल्या आणि समितीने सावधगिरी म्हणून हा निर्णय घेतला. तक्रार करणाऱ्यांविषयी माझ्या मनात काहीही नाही. न ओळखणारी वस्तू शेजारच्या घरात दिसली, तर तिच्याबद्दल विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की तो प्रश्न मला विचारला जाण्याआधीच त्याचे उत्तर म्हणून बंदी आली, आणि ती ज्या शब्दांत आली त्या शब्दांनी धोका टळत नाही. फक्त एक कायदेशीर आणि उपयोगी काम थांबते. म्हणून हे पत्र समितीपुरते न ठेवता सर्वांसमोर ठेवत आहे.

मी हौशी रेडिओचालक, म्हणजे घरातल्या रेडिओ सेटवरून दूरच्या इतर रेडिओचालकांशी संपर्क साधणारा, सगळे ज्याला हॅम म्हणतात तो, आहे. हा छंद असला तरी तो परवान्याशिवाय करता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा त्यासाठी परीक्षा घेते. तीत रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन्ही विषय असतात, आणि १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. उत्तीर्ण झाल्यावर परवाना आणि कॉलसाईन, म्हणजे हवेवरचे आपले ओळखनाव, मिळते. भारतातल्या बहुतेक हॅमांची कॉलसाईन व्हीयू या अक्षरांनी सुरू होते आणि हवेवर बोलताना ती सांगणे बंधनकारक असते. १९७८ च्या नियमांनी या सेवेची चौकट आखून दिली आहे. तिच्यात धंद्याचे बोलणे चालत नाही, गाणी किंवा कार्यक्रम लावणे चालत नाही, आणि सांकेतिक किंवा गुप्त भाषेत बोलणे तर अजिबात चालत नाही. जे बोलायचे ते उघड, कोणालाही ऐकता येईल असे. माझ्या परवान्यावर स्टेशनचा पत्ता म्हणून याच सदनिकेची नोंद आहे. परवान्याची प्रत मी या पत्रासोबत समितीकडे दिली आहे आणि प्रत्येक संपर्काची वेळ, फ्रिक्वेन्सी व समोरच्याची कॉलसाईन लिहिलेली माझी लॉगवही कोणत्याही सभासदाला माझ्या घरी येऊन पाहता येईल. ही माणसे रात्री कोणाशी बोलतात, अशी जी शंका एका बैठकीत निघाली, तिचे उत्तर त्या वहीत आहे.

गच्चीचा विषय मी स्वतःहून बाजूला ठेवत आहे. चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधा डायपोल, म्हणजे सरळ ताणलेल्या तारेचा अँटेना, सुमारे २० मीटर लांब लागतो. तो आपल्या गच्चीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणावा लागेल, पाण्याच्या टाक्यांवरून जाईल आणि पतंगांच्या दिवसांत मुलांच्या डोक्यावर येईल. वॉटरप्रूफिंगला नुकताच झालेला खर्च आणि मे महिन्यातल्या वळवाच्या विजा हेही समितीचे मुद्दे बरोबर होते. उंचावर उभारलेल्या अँटेनाला नीट अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टर हवा, आणि ते काम सामाईक जागेत सर्वांच्या संमतीनेच व्हायला हवे. म्हणून समितीने गच्चीला नकार दिला तेव्हा मी तो मान्य केला आणि घराच्या चार भिंतींच्या आत काय जमते ते पाहायला लागलो. आता घराच्या आतही मनाई झाल्यावर मात्र माझ्याकडे मागे सरकायला जागा उरत नाही.

घराच्या आत अँटेना उभा करणे हा सोयीचा मार्ग नव्हे. आरसीसीच्या इमारतीत स्लॅब, बीम आणि कॉलममध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि वर लोखंडी ग्रिल असते. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४० मीटरहून अधिक भरते. त्या मानाने आपल्या खिडकीचा चार-पाच फुटांचा मोकळा भाग नगण्य असतो, त्यामुळे खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या अँटेनाच्या लहरींचा बराचसा भाग भिंतींतच जिरतो. लहरींची लांबी जितकी कमी, तितके खिडकीतून बाहेर पडणे सोपे. म्हणून दोन मीटरच्या पट्ट्यासाठी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, जेमतेम अर्ध्या मीटरची उभी सळी खिडकीपाशी ठेवली तरी शहरातला रिपीटर, म्हणजे आलेला संकेत पुन्हा दूरवर पाठवणारे केंद्र, सहज मिळतो. लांबच्या संपर्कासाठी लागणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सींसाठी मात्र अँटेना आतल्या खोलीत न ठेवता बाल्कनीत न्यावा लागतो.

बाल्कनीतले ते कडे म्हणजे मॅग्नेटिक लूप नावाचा अँटेना. एसीच्या कामात वापरतात ती अर्ध्या इंचाची मऊ तांब्याची नळी वाकवून सुमारे एक मीटर व्यासाचा गोल केला आहे आणि तो पीव्हीसी पाइपच्या पायावर उभा आहे. भिंतीला एकही भोक पाडलेले नाही, ग्रिलला काही बांधलेले नाही, पाय उचलला की सगळे घरात येते. गोलाच्या वरच्या टोकाला नळीची दोन टोके एका व्हेरिएबल कपॅसिटरला, म्हणजे मूठ फिरवून फ्रिक्वेन्सी जुळवायच्या भागाला, जोडली आहेत. खालच्या बाजूला आत वीतभर व्यासाचा एक छोटा गोल आहे, त्याला सेटकडून येणारी कोॲक्स केबल जोडली जाते. मोठ्या आणि छोट्या गोलात तारेचा संबंध नाही, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून जाते. कपॅसिटरची मूठ केसभर फिरवली तरी लूपची फ्रिक्वेन्सी सरकते, कारण याचा पट्टा फार अरुंद असतो. मूठ हळूहळू फिरवत असताना हेडफोनमधला खरखराट एका क्षणी एकदम उसळतो. तो बिंदू सापडला की लूप जुळला. फ्रिक्वेन्सी थोडी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. मुठीला लांब प्लास्टिकची दांडी लावली आहे, कारण हात जवळ नेला तरी जुळणी बिघडते.

दांडी लावण्याचे दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे, आणि ते इथे सांगायलाच हवे, कारण या पत्रात माझ्या बाजूच्या अडचणी झाकून ठेवण्याचा माझा हेतू नाही. लूप आकाराने लहान असल्यामुळे त्याच्या नळीत मोठा प्रवाह खेळतो आणि कपॅसिटरवर विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) येतो. केवळ ५ वॅट सोडले तरी तो दाब हजार व्होल्टच्या पलीकडे जातो. म्हणून कपॅसिटर बंद ॲक्रिलिकच्या डब्यात आहे, त्यावर मराठीत सूचना लिहिली आहे, आणि मी सेटसमोर नसताना सेट बंद आणि केबल काढलेली असते. ढगांचा गडगडाट सुरू झाला की केबल काढली जाते ती पाऊस थांबेपर्यंत परत लागत नाही.

आता किरणोत्सर्गाचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त बोलणे झाले. रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढणाऱ्या नसतात. पुरेशी शक्ती जवळून पडली तर त्या शरीराच्या पेशी तापवतात, आणि या तापण्याच्या आधारावरच आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सामान्य लोकांसाठी मर्यादा ठरवल्या आहेत. त्यांत क्षणाचा आकडा बघत नाहीत, काही मिनिटांची सरासरी बघतात. अँटेनापासून दूर जावे तसे त्याच्या लहरींचे क्षेत्र, म्हणजे त्यांचा जोर, झपाट्याने कमी होते. लूपच्या अगदी जवळ तर अंतर दुप्पट झाले की चुंबकीय क्षेत्र जवळजवळ एक-अष्टमांश उरते. म्हणजे खरा प्रश्न अँटेना आहे की नाही हा नसून किती वॅट, किती अंतरावर आणि किती वेळ हा आहे.

या तीन प्रश्नांची माझी उत्तरे अशी आहेत. माझा सेट १०० वॅटचा आहे, पण या लूपवर मी ५ वॅटच्या वर जात नाही. लूपचा मध्य बाल्कनीच्या फरशीपासून मीटरभर उंचीवर आहे, त्यामुळे वरच्या बाल्कनीत उभ्या माणसाचे पायसुद्धा त्या मध्यापासून सुमारे दोन मीटरवर असतात. तिथे येणाऱ्या क्षेत्राचे गणित मी केले आहे आणि ५ वॅटवर ते मर्यादेच्या आत बसते. हेच गणित १०० वॅटसाठी केले तर बसत नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहितो. म्हणूनच १०० वॅटवर जाण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही प्रक्षेपण चालू असताना लूपच्या तीन मीटरच्या आत कोणी नसते, आणि दोन फ्लॅटमधल्या सामाईक भिंतीला टेकवून मी तो कधीच ठेवत नाही. हे गणित पायरी-पायरीने लिहून मी समितीला देईन. आपल्या सोसायटीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे आणि शिकणारे सभासद आहेत, त्यांनी ते तपासावे. आपल्यापैकी कोणाला पेसमेकर बसवलेला असेल किंवा पुढे बसला, तर त्यांनी मला निःसंकोच कळवावे. त्यांच्या डॉक्टरांनी आणि उपकरणाच्या माहितीपत्रकाने जे अंतर सांगितले असेल ते मी पाळेन, आणि तोवर प्रक्षेपण बंद ठेवीन.

परिपत्रकातले शब्द नेमके इथेच अपुरे पडतात. "प्रक्षेपण करणारे उपकरण" असे म्हटले की घराघरांतला वायफाय राउटर, प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल, मुलांचे ब्लूटूथ हेडफोन आणि आपल्याच वॉचमनच्या हातातला वॉकीटॉकी हे सगळे त्यात येतात. समितीला ते बंद करायचे नाहीत, हे उघड आहे. पण नियम शब्दशः वाचला तर सगळेच दोषी ठरतात आणि प्रत्यक्षात मात्र तो एकाच घराला लागू होतो. उलट उद्या कोणी विनापरवाना, मोठ्या शक्तीचे उपकरण कपाटात ठेवून वापरले, तर बाहेरून काही न दिसल्यामुळे या नियमाला ते सापडणारही नाही. शक्ती आणि अंतर मोजणारा नियम केला तर तो सर्वांना सारखा लागू होईल.

व्यत्ययाचा मुद्दा याहून जास्त व्यावहारिक आहे. टीव्हीच्या डिशकडे येणारी लहर १० गिगाहर्ट्झच्या वरची असते आणि माझे बहुतेक काम १४ मेगाहर्ट्झवर चालते. फायबरच्या इंटरनेटचा तर रेडिओशी संबंधच येत नाही. त्रास होऊ शकतो तो वेगळ्याच ठिकाणी. इंटरकॉमची लांबच लांब वायर, स्वस्त स्पीकरची वायर, वायरची डोअरबेल या सगळ्या नकळत अँटेनासारख्या वागतात आणि त्यांच्या आतल्या सर्किटला माझा आवाज गुरगुरल्यासारखा ऐकू येऊ शकतो. अशा वायरवर फेराइटचे, म्हणजे रेडिओलहरी अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे, कडे बसवले, किंवा वायर त्यातून चार-पाच वेळा ओवून घेतली, की बहुधा तो त्रास थांबतो. माझ्या केबलवर अशी कडी आधीच आहेत, शेजाऱ्यांकडे लागली तर ती मी माझ्या खर्चाने बसवून देईन.

उलट दिशेचा त्रास मात्र रोजचा आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. लूप पहिल्यांदा लावला तेव्हा १४ मेगाहर्ट्झवर इतका गोंगाट होता की दूरचे काहीही ऐकू येईना. तो कुठून येतो हे शोधण्याची एक जुनी पद्धत आहे: सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा, घरातला मुख्य एमसीबी बंद करायचा, मग एकेक एमसीबी चालू करत सेटवरच्या, गोंगाट दाखवणाऱ्या मीटरची सुई पाहायची. माझ्या घरात स्वयंपाकघरातल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर आणि सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर हे दोन दोषी निघाले. ते बदलल्यावर सुई बरीच खाली आली. उरलेला गोंगाट लिफ्टच्या मोटर ड्राइव्हचा असावा, कारण लिफ्ट हलली की तो वाढतो आणि थांबली की कमी होतो. लूपचा एक गुण असा की त्याच्या अक्षाच्या दिशेने येणारे तो फारसे ऐकत नाही. तो अक्ष लिफ्टच्या डक्टकडे वळवला आणि दूरची स्टेशने ऐकू येऊ लागली. सोसायटीने सौर पॅनेल बसवण्याचा विचार चालवला आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. इन्व्हर्टर घेताना त्याच्या रेडिओ-गोंगाटाची चाचणी झालेली आहे का, हे बघायला मी समितीला मदत करू शकतो. स्वस्त इन्व्हर्टरचा गोंगाट नुसता हॅमला नाही, घरात रेडिओवर आकाशवाणी ऐकणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनाही छळतो.

इतक्या बंधनांत ५ वॅटने होते काय, असे विचारले जाईल. बरेच होते. २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत भौतिकशास्त्रातले नोबेल मिळालेले जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी हौशी रेडिओसाठी तयार केली. तीत १५-१५ सेकंदांचे टप्पे असतात, एका टप्प्यात आपण पाठवायचे, पुढच्यात ऐकायचे. संगणकाच्या मदतीने कानाला अजिबात ऐकू न येणारा, गोंगाटाखाली दबलेला संकेतही वाचता येतो. संध्याकाळी या पद्धतीने माझ्या बाल्कनीतून जपान आणि पूर्व युरोपातली स्टेशने मिळतात. आवाजाने बोलायचे तर ५ वॅट आणि लूप यांवर देशातल्या देशात, तेही लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर अनुकूल असेल तेव्हाच, जमते. गच्चीवरच्या डायपोलची सर त्याला नाही, पण स्टेशन जिवंत राहते, हात चालता राहतो.

हात चालता राहण्याला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि २६ जानेवारी २००१ रोजी भूजला. दोन्ही वेळी हॅम मंडळी संपर्कासाठी तिकडे गेली होती. २००४ च्या डिसेंबरात हॅम भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, ते निव्वळ छंदासाठी, कारण अंदमानात हौशी रेडिओला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या बेटांशी संपर्क साधायला उत्सुक होते. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी असलेला संपर्क तुटला, आणि छंदासाठी मांडलेला तोच सेट लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागला. तो सेट आधीपासून मांडलेला होता आणि तो चालवणाऱ्याला त्याची सवय होती, म्हणून ते काम होऊ शकले. संकट आल्यावर अँटेना आणून, जुळवून, शिकून कोणाला बोलता येत नाही.

पुण्या-मुंबईला हे परके नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत फोन लागत नव्हते आणि पुण्यातले आपण रात्रभर आपल्या माणसांचा ठावठिकाणा शोधत होतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हाही तिथल्या नातेवाइकांशी बोलणे होत नव्हते. मोबाईलचा टॉवर वीज गेल्यावर बॅटरीवर काही काळ चालतो, नंतर तोही थांबतो. माझ्या बाल्कनीतला अँटेना अशा वेळी सगळ्या इमारतीचे प्रश्न सोडवील, असा दावा मी करणार नाही. पण बॅटरीवर चालणारा एक सेट, तो वापरण्याची सवय असलेला एक माणूस आणि शहरातल्या इतर हॅमांपर्यंत पोचणारी एक फ्रिक्वेन्सी आपल्या इमारतीत असेल, तर तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींचा निरोप त्यांच्या मुलापर्यंत पोचण्याचा एक मार्ग तरी असेल.

मुलांचाही विषय आहे. २०२५ च्या जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, त्यानंतर आपल्या इमारतीतली चार-पाच मुले माझ्याकडे येऊ लागली. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि त्याचा एक फेरा आपल्या आभाळात आठ-दहा मिनिटे टिकतो. त्यावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी चित्रे पाठवली जातात. मुलांनी हातातल्या छोट्या सेटचा अँटेना बाल्कनीतून आभाळाकडे धरला होता, आणि सेटच्या स्पीकरमधला किलबिलाट फोनवरचे ॲप ऐकत होते. पडद्यावर चित्र वरून खाली एकेक रेघ उमटत गेले. मध्येच कोणाचा हात हलला की तेवढ्या रेघा विस्कटायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. मुलांपैकी एक मुलगी पुढच्या वर्षी १२ वर्षांची होईल, आणि परीक्षा केव्हा देता येईल हे तिने मला तेव्हापासून अनेकदा विचारले आहे. हे नुसते ऐकण्याचे काम आहे, यात आपण काहीच प्रक्षेपित करत नाही. तरीही परिपत्रकाच्या भाषेत "कोणताही अँटेना" आहे, म्हणून तेही मी थांबवले आहे.

कायद्याने समितीवर सक्ती होते असे मी म्हणत नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने स्थानिक प्रशासनांना हौशी अँटेनांना वाजवी सवलत देण्याचा आदेश दिला, पण आपल्या सोसायटीसारख्या खासगी संस्थांना तोही लागू होत नाही. तिथल्या हॅमांनाही शेजाऱ्यांना पटवूनच पुढे जावे लागते. आपल्या उपविधींमध्ये सदनिकेत बांधकामाचा बदल करण्यापूर्वी लेखी परवानगी लागते, आणि इतरांना उपद्रव होईल असे काही करता येत नाही. दोन्ही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. फरशीवर उभी केलेली, उचलून आत नेता येणारी वस्तू हा बांधकामातला बदल नाही. उपद्रव होतो की नाही, हे मात्र अंदाजाने न ठरवता तपासून ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.

ती तपासणी कशी करता येईल हे मी सुचवतो. माझ्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना राहणाऱ्या कुटुंबांनी एका रविवारी सकाळी दोन तास आपापला टीव्ही, इंटरनेट, इंटरकॉम आणि स्पीकर चालू ठेवावेत आणि कुठे काही वेगळे जाणवले तर घड्याळ बघून वेळ लिहावी. मी त्या दोन तासांत अधूनमधून प्रक्षेपण करीन, पण केव्हा ते कोणाला सांगणार नाही. माझी वेळ समितीच्या एका सदस्यासमोर लॉगवहीत लिहिली जाईल. नंतर दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. आधी वेळ सांगितली तर मनाला भास होतात, म्हणून ही पद्धत. त्रास माझ्याच वेळी झालेला दिसला, तर तो दूर होईपर्यंत मी त्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करणार नाही.

या तपासणीनंतर परिपत्रकाची जागा घेईल असा ठराव मी समितीसमोर ठेवत आहे. त्याचा आशय असा असावा: वैध सरकारी परवाना असलेल्या सभासदाला त्याची प्रत सोसायटीकडे देऊन स्वतःच्या सदनिकेच्या आत, इमारतीच्या कोणत्याही भागात भोक वा बदल न करता, अँटेना ठेवता येईल, ग्रिलबाहेर काही लोंबकळणार नाही, घरातील प्रक्षेपणाची शक्ती शेजारच्या घरांपर्यंतच्या अंतराचे लेखी गणित देऊन ठरवली जाईल आणि ती समितीच्या दप्तरी राहील, कोणत्याही सभासदाची व्यत्ययाची लेखी तक्रार आल्यास ती सुटेपर्यंत संबंधित प्रक्षेपण थांबेल, आणि केवळ ऐकण्यासाठी वापरलेल्या अँटेनाला परवानगीची गरज राहणार नाही. उद्या दुसरा कोणी सभासद परवाना घेऊन आला, तर त्यालाही हेच लागू व्हावे. हे सर्व इतिवृत्तात लिहिले जावे, कारण समिती बदलते आणि तोंडी समजुती नव्या समितीबरोबर पुसल्या जातात.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, तिच्या विषयपत्रिकेत हा ठराव घ्यावा, ही विनंती. तोपर्यंत परिपत्रकाचा मान राखून माझा लूप घरात, केबल काढून, कपाटामागे ठेवलेला आहे. कोणालाही तो पाहायचा असेल, हात लावून विचारायचे असेल, तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. सभेआधी तपासणीसाठी समितीला कोणता रविवार सोयीचा आहे, तेवढे सचिवांनी कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चौथ्या मजल्यावरील एक सभासद आणि परवानाधारक हॅम